उपकरण-चालक : देखभाल व दुरुस्ती यांचा इतिहास

संगणकाला जोडलेल्या उपकरणाकडून परिचालन प्रणालीच्या वतीने काम करवून घेणाऱ्या आज्ञावलीस उपकरण-चालक म्हणतात. व्यवहारात तिला ड्रायव्हर हेच नाव रूढ असल्याने या नोंदीत तेच वापरले आहे. कळफलक, पडदा, मुद्रक, चुंबकीय तबकडी, जालपत्र, कॅमेरा, ध्वनिपत्र इ. प्रत्येक उपकरणाची आज्ञा घेण्याची व उत्तर देण्याची रीत वेगळी असते. उपयोजनाच्या आज्ञावलीस मात्र ‘वाच’, ‘लिही’, ‘उघड’, ‘बंद कर’ अशा मोजक्या आज्ञाच ठाऊक असतात. या दोहोंमधील दुभाष्याचे काम ड्रायव्हर करतो. परिचालन प्रणालीच्या ज्या भागाचा स्मृतीवर, मध्यवर्ती संस्करण एककावर व सर्व उपकरणांवर पूर्ण ताबा असतो, त्यास कर्नेल म्हणजे गाभा म्हणतात. प्रचलित प्रणालींपैकी बहुतेकींमध्ये ड्रायव्हर हा कर्नेलचाच घटक असतो आणि त्याला कर्नेलचे सर्व अधिकार मिळतात. त्यामुळे ड्रायव्हरमधील एक लहानशी चूकही संपूर्ण संगणक बंद पाडू शकते. ड्रायव्हर लिहिण्याचा इतिहास संगणकाच्या इतिहासाइतकाच जुना आहे. पण लिहिलेले ड्रायव्हर वर्षानुवर्षे चालू ठेवण्याचे, म्हणजेच त्यांच्या देखभालीचे व दुरुस्तीचे काम मूळ लेखनाहून कितीतरी मोठे ठरले आहे. प्रस्तुत नोंदीत मुख्यत्वे या कामाचा इतिहास दिला आहे.

कार्य व अडचणी : उपकरणाच्या नियंत्रकात काही नोंदके असतात. त्यांत ठरावीक संख्या लिहिली असता उपकरण काम सुरू करते व काम संपल्यावर संस्करण एककाकडे व्यत्यय-संकेत पाठविते. संकेत मिळताच चालू काम बाजूस ठेवून ड्रायव्हरमधील ठरावीक आज्ञा पार पाडल्या जातात. तबकडी, जालपत्र यांसारखी जलद उपकरणे संस्करण एककाच्या मध्यस्थीवाचून थेट स्मृतीत माहिती लिहितात. या तिन्ही गोष्टींत दोषांना वाव असतो. व्यत्यय-संकेत केव्हा येईल याचा नेम नसल्याने तो हाताळणाऱ्या आज्ञांना वाट पाहत थांबून राहता येत नाही. एकच माहिती दोन ठिकाणांहून एकाच वेळी बदलली जाऊ नये म्हणून तिच्याभोवती कुलूप घालावे लागते व ते न चुकता उघडावेही लागते. थेट स्मृतीत लिहिणाऱ्या उपकरणास चुकीचा पत्ता दिला गेल्यास दुसऱ्याच कामाची माहिती नष्ट होते.

देखभालीची खरी अडचण मात्र निराळीच आहे. ड्रायव्हरच्या एका बाजूस उपकरण व दुसऱ्या बाजूस कर्नेल असते आणि या दोन्ही बाजू सतत बदलत असतात. निर्माते उपकरणाची नवी प्रतिकृती जुन्याच नावाने विकतात व तिच्या वागण्यात सूक्ष्म फरक असतात. उलट बाजूने कर्नेलमधील अंतर्गत व्यवहाराचे नियम सुधारले जातात आणि कालपर्यंत निर्दोष असलेला ड्रायव्हर त्यातील एक अक्षरही न बदलता आज सदोष ठरतो. शिवाय दुरुस्ती करणाऱ्याजवळ ते विशिष्ट उपकरण असल्याखेरीज दुरुस्ती बरोबर झाली की नाही याची खात्री करता येत नाही.

प्रारंभीचा कालखंड : पहिल्या पिढीतील संगणकांवर प्रत्येक कार्यक्रमात आदान-प्रदानाच्या आज्ञा स्वतंत्रपणे लिहाव्या लागत. एकच काम पुन्हापुन्हा करावे लागू नये म्हणून हे आज्ञासंच एकत्र ठेवण्याची प्रथा पडली. आय.बी.एम. ७०४ या संगणकासाठी जनरल मोटर्स व नॉर्थ अमेरिकन एव्हिएशन या कंपन्यांनी १९५६ मध्ये तयार केलेली प्रणाली ही आद्य परिचालन प्रणालींपैकी एक मानतात. तिच्या नावातच ‘आदान-प्रदान’ या शब्दांची आद्याक्षरे होती. त्याआधी १९५५ मध्ये आय.बी.एम. संगणकांच्या ग्राहकांनी ‘शेअर’ ही संघटना स्थापन केली होती. तिचे सदस्य आपापल्या आज्ञावल्या व त्यांतील दुरुस्त्या एकमेकांस देत असत. आज्ञावलीची देखभाल हे सामाईक कार्य आहे ही कल्पना येथे प्रथम मोठ्या प्रमाणावर रुजली.

७ एप्रिल १९६४ रोजी आय.बी.एम.ने सिस्टिम ३६० ही संगणकमालिका जाहीर केली. लहान-मोठ्या सर्व प्रतिकृतींना एकाच प्रकारच्या जोडणीने उपकरणे जोडता यावीत, अशी तिची रचना होती. त्यामुळे एका संगणकासाठी लिहिलेले उपकरण-व्यवहार दुसऱ्यावर चालणे शक्य झाले. या काळात संगणक, उपकरणे व प्रणाली ही सर्व एकाच कंपनीची असत. दोष आढळल्यास कंपनीचा अभियंता येऊन तो दूर करी व जबाबदारी कोणाची असा प्रश्न सहसा उद्‌भवत नसे.

यूनिक्स : अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन टॉम्पसन व डेनिस रिची यांनी १९६९ मध्ये पी.डी.पी.-७ या लघुसंगणकावर यूनिक्स प्रणालीचा आरंभ केला. प्रत्येक उपकरणाला फायलीचे रूप द्यावयाचे, हे तिचे एक वैशिष्ट्य होते. मुद्रकावर काही छापावयाचे असल्यास त्याच्या नावाच्या विशेष फायलीत मजकूर लिहिला की पुरे होई. कोणता ड्रायव्हर वापरावयाचा हे एका क्रमांकाने व त्या ड्रायव्हरच्या ताब्यातील कोणते उपकरण हे दुसऱ्या क्रमांकाने ठरे. उपकरणांचे दोन वर्ग होते : तबकडीसारखी ठोकळ्याठोकळ्याने माहिती देणारी व कळफलकासारखी अक्षराअक्षराने देणारी. प्रत्येक वर्गासाठी कर्नेलमध्ये एक तक्ता असून त्यात ड्रायव्हरच्या कार्यांचे पत्ते असत. नवा ड्रायव्हर घालण्यासाठी तक्त्यात नोंद करून कर्नेल पुन्हा बांधावे लागे.

१९७३ मध्ये यूनिक्सचे कर्नेल सी या भाषेत नव्याने लिहिण्यात आले व ड्रायव्हरही यंत्रभाषेच्या जाचातून बरेच मुक्त झाले. ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स विद्यापीठाचे जॉन लायन्स यांनी १९७७ मध्ये यूनिक्सच्या सहाव्या आवृत्तीचा मूळ पाठ व त्यावरील भाष्य विद्यार्थ्यांसाठी सिद्ध केले. हा पाठ सुमारे ९,००० ओळींचा होता. त्यात तबकडी, मुद्रक, कागदी फीत यांचे ड्रायव्हर समाविष्ट होते. एका व्यक्तीस संपूर्ण कर्नेल वाचून समजून घेता येत असे, असा तो काळ होता. १९७९ च्या सातव्या आवृत्तीच्या परवान्याने मूळ पाठ वर्गात शिकविण्यास मनाई केली, तरीही लायन्स यांच्या भाष्याच्या छायाप्रती पुढे अनेक वर्षे हातोहात फिरत राहिल्या. ते अधिकृतपणे प्रसिद्ध होण्यास १९९६ साल उजाडावे लागले. जून १९८१ मध्ये बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाने प्रसृत केलेल्या ४.१ या आवृत्तीत सुरू होतानाच जोडलेली उपकरणे शोधून काढण्याची सोय झाली. तिचे लेखन रॉबर्ट एल्झ यांनी केले होते.

मूळ पाठ हाती असणे व नसणे यांतील फरक दाखविणारी एक घटना याच सुमारास मॅसॅच्युसेट्स तंत्रविद्या संस्थेत घडली. तेथील जुन्या मुद्रकात कागद अडकल्यास वापरणाऱ्याला पडद्यावर सूचना मिळावी अशी सुधारणा रिचर्ड स्टॉलमन यांनी केली होती. नवा लेसर मुद्रक आला तेव्हा त्याच्या नियंत्रक आज्ञावलीचा मूळ पाठ देण्यास नकार मिळाला व तशी सुधारणा करणे अशक्य झाले. २७ सप्टेंबर १९८३ रोजी स्टॉलमन यांनी मुक्त परिचालन प्रणालीचा संकल्प जाहीर केला. त्यामागील कारणांत या अनुभवाचा ते आवर्जून उल्लेख करीत आले आहेत.

सूक्ष्मसंगणकांचा काळ : १९७० नंतरच्या दशकात सूक्ष्मसंस्करक स्वस्त झाले व अनेक कंपन्या निरनिराळ्या रचनेचे संगणक विकू लागल्या. गॅरी किल्डॉल यांनी आपल्या सी.पी./एम. या प्रणालीत यंत्रावर अवलंबून असणारा सर्व भाग वेगळा काढला. नव्या यंत्रासाठी तेवढाच भाग नव्याने लिहावा लागे. ऑगस्ट १९८१ मध्ये आय.बी.एम.चा वैयक्तिक संगणक बाजारात आला. त्याच्यासाठीच्या डॉस प्रणालीच्या १९८३ मधील दुसऱ्या आवृत्तीत बाहेरून ड्रायव्हर बसविण्याची सोय झाली. त्यासाठी एका साध्या मजकूर-फायलीत ड्रायव्हरचे नाव लिहावे लागे.

या सोयीने एक मोठा बदल घडवून आणला. उपकरण एका कंपनीचे, संगणक दुसरीचा व प्रणाली तिसरीची अशी स्थिती निर्माण झाली. ड्रायव्हर लिहिण्याचे काम उपकरणाच्या निर्मात्याकडे गेले व तो उपकरणासोबत लवचिक तबकडीवर मिळू लागला. विकलेल्या उपकरणाचा ड्रायव्हर दुरुस्त करण्यापासून निर्मात्याला फारसा लाभ नसतो. त्यामुळे नवी प्रतिकृती निघताच जुन्या ड्रायव्हरकडे दुर्लक्ष होई. डॉसवरील शब्दसंस्कारक आज्ञावल्यांना तर मुद्रकांचे स्वतःचे ड्रायव्हर बाळगावे लागत, कारण प्रणालीकडून मिळणारी मदत अपुरी होती.

विंडोज : मायक्रोसॉफ्ट कंपनीची विंडोज एन.टी. ही प्रणाली जुलै १९९३ मध्ये प्रसृत झाली. डेव्हिड कटलर यांच्या नेतृत्वाखाली तयार झालेल्या या प्रणालीत यंत्रसापेक्ष भाग निराळ्या थरात ठेवण्यात आला होता. विंडोज ९८ व विंडोज २००० या दोहोंसाठी समान असा ड्रायव्हरचा आराखडा पुढे आखण्यात आला. तथापि हजारो निर्मात्यांच्या ड्रायव्हरांमुळे होणाऱ्या बिघाडांचा दोष वापरणारे प्रणालीलाच देत. विंडोज एक्सपीच्या नोंदल्या गेलेल्या तत्कालीन बिघाडांपैकी ८५ टक्के बिघाड ड्रायव्हरांमुळे होत, असे वॉशिंग्टन विद्यापीठातील मायकेल स्विफ्ट, ब्रायन बर्शाड व हेन्री लेव्ही यांनी २००३ मधील आपल्या निबंधात नमूद केले आहे.

यावर कंपनीने तीन उपाय योजले. पहिला उपाय चाचणीचा : विंडोज २००० मध्ये ड्रायव्हरवर मुद्दाम ताण देऊन त्यातील दोष उघडकीस आणणारे साधन देण्यात आले. दुसरा उपाय तर्कशुद्ध तपासणीचा : टॉमस बॉल व श्रीराम राजमणी यांच्या संशोधनातून असे साधन निर्माण झाले, की ते ड्रायव्हर प्रत्यक्ष न चालविताच त्याने कुलपांचे व इतर नियम पाळले आहेत की नाहीत ते सिद्ध करू पाहते. तिसरा उपाय स्वाक्षरीचा : व्हिस्टा प्रणालीच्या ६४ अंकी आवृत्तीपासून अंकीय स्वाक्षरी नसलेला ड्रायव्हर कर्नेलमध्ये घेण्याचे बंद झाले. स्वाक्षरीमुळे ड्रायव्हर कोणाचा हे कळते. तो निर्दोष आहे असे मात्र सिद्ध होत नाही. २०१० मध्ये उघडकीस आलेल्या स्टक्सनेट या विघातक आज्ञावलीचे ड्रायव्हर तर दोन नामांकित कंपन्यांच्या चोरलेल्या प्रमाणपत्रांनी स्वाक्षरित केलेले होते.

लिनक्स : २५ ऑगस्ट १९९१ रोजी हेलसिंकी येथील विद्यार्थी लीनस टॉरव्हाल्ड्स यांनी आपण छंद म्हणून एक परिचालन प्रणाली लिहीत असल्याचे जाहीर केले. स्वतःच्या यंत्रातील तबकडीखेरीज अन्य प्रकारच्या तबकड्या ती बहुधा कधीच हाताळू शकणार नाही, असे त्यांनी तेव्हा म्हटले होते, कारण त्यांच्याजवळ दुसरी तबकडी नव्हती. त्या वर्षीच्या पहिल्या आवृत्तीत सुमारे १०,००० ओळी होत्या. २०२० मध्ये ही संख्या पावणेतीन कोटींच्या पुढे गेली व त्यांतील निम्म्याहून अधिक ओळी ड्रायव्हरांच्या होत्या. ज्याच्याजवळ उपकरण आहे त्याने ड्रायव्हर लिहावा व तो सर्वांसाठी कर्नेलच्या मूळ पाठात ठेवावा, या पद्धतीमुळे ही वाढ झाली.

या पद्धतीत देखभालीची जबाबदारी वाटून दिलेली असते. कर्नेलच्या पाठातच एक मोठी यादी असून तीत प्रत्येक ड्रायव्हरपुढे त्याच्या देखभालकर्त्याचे नाव व देखभालीची स्थिती लिहिलेली असते. ज्याला कोणी वाली उरला नाही अशा ड्रायव्हरपुढे ‘अनाथ’ असा शेरा मारतात. दुरुस्ती सुचविणारा तिचा मजकूर देखभालकर्त्याकडे पाठवितो. तो तपासून पुढच्या पायरीवर पाठविला जातो व अखेरीस टॉरव्हाल्ड्स यांच्यापाशी पोहोचतो. २००५ मध्ये टॉरव्हाल्ड्स यांनीच तयार केलेल्या गिट या साधनामुळे प्रत्येक बदल कोणी, केव्हा व का केला याची नोंद राहते. एखादा दोष कोणत्या बदलामुळे शिरला हे शोधण्यासाठी दोन आवृत्त्यांमधील बदल अर्धे-अर्धे करीत तपासता येतात. हजार बदलांतून दोषी बदल सुमारे दहा चाचण्यांत सापडतो. जाहीर झालेल्या आवृत्तीत केवळ दुरुस्त्याच घालणारी स्वतंत्र शाखाही २००५ मध्येच सुरू झाली.

कर्नेलचे अंतर्गत नियम कायमचे गोठविले जाणार नाहीत, हे लिनक्सचे धोरण आहे. ग्रेग क्रोआ-हार्टमन यांनी या धोरणाचे लेखी समर्थन केले आहे. नियम बदलणाऱ्यानेच त्यावर अवलंबून असलेले पाठातील सर्व ड्रायव्हर दुरुस्त करावयाचे, अशी त्याची दुसरी बाजू आहे. परिणामी पाठात असलेला ड्रायव्हर काळाबरोबर सुधारत जातो, तर बाहेर ठेवलेला लवकरच निकामी होतो. या धोरणाची किंमत किती असते ते ‘मोठे कर्नेल कुलूप’ काढण्याच्या कामावरून दिसते. अनेक संस्करण एककांच्या संगणकांसाठी १९९६ च्या २.० या आवृत्तीत संपूर्ण कर्नेलला मिळून एकच कुलूप होते. त्यामुळे एका वेळी एकच एकक कर्नेलमध्ये काम करू शके. पुढे गती वाढविण्यासाठी ठिकठिकाणी लहान कुलपे घालण्यात आली. परंतु अनेक जुने ड्रायव्हर नकळत मोठ्या कुलपाच्या आसऱ्याने चालत होते. एकेक ड्रायव्हर तपासून ते कुलूप पूर्णपणे काढून टाकण्यास २०११ साल उजाडले.

अशा सामूहिक बदलांसाठी फ्रान्स व डेन्मार्कमधील संशोधकांनी, विशेषतः जूलिया लॉल व गिल मुलर यांनी, कॉक्सिनेल हे साधन विकसित केले. या फ्रेंच शब्दाचा अर्थ किडी खाणारा ठिपकेदार भुंगेरा असा आहे. बदलाचा नियम एकदा लिहून दिला की हे साधन शेकडो ड्रायव्हरांत त्याप्रमाणे फेरफार करते.

सदोष वा अपूर्ण ड्रायव्हरांसाठी २००८ मधील २.६.२८ या आवृत्तीत एक निराळा विभाग उघडण्यात आला. तेथे ड्रायव्हर सुधारत गेल्यास त्याला मुख्य पाठात बढती मिळते व कोणी लक्ष न दिल्यास तो काढून टाकला जातो. भ्रमणध्वनीवरील अँड्रॉइड प्रणालीचे ड्रायव्हर याच कारणास्तव २०१० मध्ये वगळण्यात आले होते; आवश्यक काम झाल्यावर २०१२ मध्ये ते परत आले.

दोषांचा अभ्यास : ड्रायव्हरांत दोष अधिक असतात हा अनुभव प्रथम मोजून दाखविला तो स्टॅनफर्ड विद्यापीठातील डॉसन एंग्लर व त्यांच्या सहकाऱ्यांनी. २००१ मध्ये त्यांनी लिनक्सच्या सात वर्षांतील आवृत्त्या स्वयंचलित साधनाने तपासल्या. काही प्रकारच्या दोषांचे प्रमाण ड्रायव्हरांत उर्वरित कर्नेलच्या तीन ते सातपट असल्याचे आढळले. कर्नेलचा मध्यवर्ती भाग सर्व संगणकांवर अहोरात्र चालतो व त्यातील दोष लवकर नजरेस येतात; एखादा ड्रायव्हर मात्र थोड्याच लोकांकडे असतो आणि त्यातील अपयश हाताळणाऱ्या आज्ञा तर क्वचितच चालतात. दहा वर्षांनी, २०११ मध्ये, लॉल, मुलर व त्यांच्या सहकाऱ्यांनी तीच तपासणी पुन्हा केली. ओळींची संख्या कितीतरी वाढलेली असूनही ड्रायव्हरांतील दोषांचे प्रमाण घटले होते व यंत्ररचनासापेक्ष भागातील प्रमाण त्यांच्याहून अधिक भरले. देखभालीच्या श्रमांचे फळ मोजमापात दिसून आल्याचे हे महत्त्वाचे उदाहरण होय.

दोन उदाहरणे : दुरुस्तीचे काम किती गुंतागुंतीचे असते ते २००८ मधील एका प्रसंगावरून कळते. त्या वर्षी २.६.२७ या आवृत्तीच्या चाचणी-प्रती वापरणाऱ्यांची इंटेल कंपनीची काही जालपत्रे कायमची निकामी होऊ लागली. पत्रावरील कायमस्वरूपी स्मृतीतील मजकूर पुसला जात होता; संगणक पुन्हा सुरू करूनही ती जिवंत होत नसत. स्वाभाविकपणे ई१०००ई या ड्रायव्हरवर संशय गेला व अनेक वितरकांनी तो बंद केला. तपास करणे अवघड होते, कारण प्रत्येक प्रयोगात एक पत्र गमवावे लागण्याची शक्यता होती. अखेर ऑक्टोबरमध्ये मूळ कारण सापडले व ते ड्रायव्हरच्या बाहेर निघाले. कर्नेलचे व्यवहार टिपणारी एक नवी सोय आज्ञांचे पत्ते नोंदवून ठेवी व नंतर त्या ठिकाणी फेरफार करी. त्यांतील काही आज्ञांची जागा काम संपल्यावर मोकळी केली जाई व तोच पत्ता पुढे जालपत्राच्या स्मृतीला मिळे. फेरफार करण्यापूर्वी तेथे अपेक्षित मजकूर आहे का हे पाहिले जाई खरे. पण पाहण्यासाठी वापरलेली यंत्राज्ञा मजकूर जुळला नाही तरीही त्या जागी लेखन करीत असे. साध्या स्मृतीत हे निरुपद्रवी होते, उपकरणाच्या स्मृतीत मात्र घातक ठरले. ती सोय २.६.२७.१ या आवृत्तीत बंद करण्यात आली. त्याआधीच पत्राच्या स्मृतीवर लेखनबंदी घालणारा बदलही ड्रायव्हरमध्ये केला गेला होता. ड्रायव्हर निर्दोष ठरला तरी त्याने स्वतःचे रक्षण करावयास हवे, हा धडा त्यातून मिळाला.

दुसरे उदाहरण लवचिक तबकडीच्या ड्रायव्हरचे आहे. टॉरव्हाल्ड्स यांनी १९९१ मध्ये लिहिलेला हा ड्रायव्हर लिनक्समधील सर्वांत जुन्या ड्रायव्हरांपैकी एक आहे. २०१४ मध्ये, म्हणजे तबकडीचा वापर जवळजवळ संपल्यावर, त्यात कर्नेलचे अधिकार बळकावू देणारे दोष सापडले. जुलै २०१९ मध्ये देखभालकर्ते यिर्झी कोसिना यांच्याजवळ चालू स्थितीतील तबकडीयंत्र उरले नसल्याने ड्रायव्हरपुढे ‘अनाथ’ असा शेरा लागला. त्याच सुमारास शून्याने भागाकार व मर्यादेबाहेरील वाचन असे आणखी दोष त्यात आढळून दुरुस्त झाले. पुढे दुसऱ्या विकासकाने त्याचे पालकत्व पत्करले. यंत्रे नाहीशी झाली तरी ड्रायव्हर काढून टाकता येत नाही, कारण आभासी संगणकांत अशा तबकडीयंत्राचे अनुकरण वापरले जाते. वापरात नसलेली आज्ञावली निरुपद्रवी असते हा समज येथे खोटा ठरतो.

भ्रमणध्वनी व देखभालीचा कालावधी : भ्रमणध्वनीतील ड्रायव्हर बहुधा चकती-निर्मात्याचे असून ते कर्नेलच्या एका विशिष्ट आवृत्तीवर लिहिलेले असतात. निर्मात्याने नव्या आवृत्तीसाठी ते सुधारून न दिल्यास यंत्र धडधाकट असूनही त्याला सुरक्षिततेच्या दुरुस्त्या मिळेनाशा होतात. ही अडचण कमी करण्यासाठी २०१७ मधील अँड्रॉइड ८ पासून निर्मात्याचा भाग प्रणालीपासून वेगळा करण्यात आला. त्याच वर्षी लिनक्सच्या दीर्घकालीन आवृत्त्यांना सहा वर्षांपर्यंत दुरुस्त्या देण्याचे ठरले. परंतु जुन्या आवृत्त्यांचा वापर थोडा व देखभालकर्त्यांवरील भार फार, असा अनुभव आल्याने हा कालावधी पुन्हा दोन वर्षांवर आणण्यात येत असल्याचे सप्टेंबर २०२३ मध्ये जाहीर झाले. देखभाल ही यंत्राची नव्हे, तर माणसांच्या श्रमाची मर्यादा आहे, हे यातून स्पष्ट होते.

पर्यायी रचना : ड्रायव्हरला कर्नेलचे अधिकारच न देणे हा अधिक मूलगामी उपाय होय. ॲम्स्टरडॅम येथील अँड्र्यू टॅननबॉम यांनी १९८७ मध्ये शिक्षणासाठी मिनिक्स ही प्रणाली प्रसिद्ध केली. लहान कर्नेल चांगले की सर्वसमावेशक, याविषयी जानेवारी १९९२ मध्ये त्यांचा टॉरव्हाल्ड्स यांच्याशी झालेला जाहीर वाद प्रसिद्ध आहे. २००५ मधील मिनिक्स ३ मध्ये प्रत्येक ड्रायव्हर सामान्य कार्यक्रमाप्रमाणे कर्नेलबाहेर चालतो. तो बंद पडल्यास देखरेख करणारी आज्ञावली त्याला पुन्हा सुरू करते. संदेशांच्या देवघेवीत जाणारा वेळ हा या रचनेवरील मुख्य आक्षेप आहे. दुसरा उपाय भाषेचा आहे. सी भाषेत स्मृतीच्या वापराची जबाबदारी सर्वस्वी लेखकावर असते. रस्ट या भाषेत असे अनेक दोष भाषांतराच्या वेळीच पकडले जातात. डिसेंबर २०२२ मधील ६.१ या आवृत्तीपासून लिनक्समध्ये तिला स्थान मिळाले व २०२४ मधील ६.८ या आवृत्तीत तिच्यात लिहिलेला एक जाल-ड्रायव्हर आला. मात्र दोन भाषांतील पाठ सांभाळण्याचा भार कोणी उचलावयाचा, याविषयी देखभालकर्त्यांत तीव्र मतभेद झाले.

१९ जुलै २०२४ ची घटना : कर्नेलमध्ये बाहेरचा ड्रायव्हर घेण्यातील धोका या दिवशी जगभर प्रत्ययास आला. क्राउडस्ट्राइक या कंपनीची सुरक्षा-आज्ञावली विंडोजच्या कर्नेलमध्ये ड्रायव्हरच्या रूपाने चालते. तिचा संबंध कोणत्याही एका उपकरणाशी नसतो. तिला पाठविलेल्या नव्या माहिती-फायलीचा आराखडा २१ घटकांचा, तर प्रत्यक्ष पुरविलेले घटक २० होते. एकविसावा घटक वाचण्याच्या प्रयत्नात ड्रायव्हरने मर्यादेबाहेरील स्मृती वाचली व प्रणाली कोसळली. ड्रायव्हर आरंभीच सुरू होत असल्याने संगणक पुन्हापुन्हा कोसळत राहिले. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार सुमारे ८५ लाख यंत्रे बंद पडली. विमानसेवा, रुग्णालये व बँका यांचे व्यवहार खोळंबले. भारतातील काही विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेली प्रवेशपत्रे द्यावी लागली. सदोष फाईल कंपनीने तासाभराच्या आसपास मागे घेतली होती. तथापि बंद पडलेल्या अनेक यंत्रांपाशी प्रत्यक्ष जाऊन ती काढून टाकण्यात कित्येक दिवस गेले.

मूल्यमापन : सुमारे सात दशकांच्या या इतिहासात ड्रायव्हरची जबाबदारी प्रथम संगणक-निर्मात्याकडे, मग उपकरण-निर्मात्याकडे व काही अंशी वापरणाऱ्यांच्या समुदायाकडे गेली. चाचणीची साधने, तर्कशुद्ध तपासणी, अंकीय स्वाक्षरी, अलग ठेवण्याची रचना व सुरक्षित भाषा यांपैकी प्रत्येकाने काही प्रकारचे दोष घटविले, परंतु सर्व दोष नाहीसे करणारा उपाय सापडलेला नाही. उपकरणाची अंतर्गत माहिती व ड्रायव्हरचा मूळ पाठ खुला असेल, तर निर्मात्याने पाठ फिरविल्यावरही दुरुस्ती शक्य होते. चित्रपत्रांची आघाडीची निर्माती एन्व्हिडिया हिनेही मे २०२२ मध्ये आपल्या लिनक्स ड्रायव्हरच्या कर्नेलमधील भागाचा मूळ पाठ खुला केला, यावरून या विचाराची व्याप्ती लक्षात येते. मात्र खुला पाठही आपोआप सुधारत नाही. तो वाचणारा, उपकरण जवळ बाळगणारा व आलेल्या तक्रारीस उत्तर देणारा माणूस त्यामागे असावा लागतो. रुग्णालयातील यंत्र असो वा खिशातील भ्रमणध्वनी, त्याचे उपयुक्त आयुष्य त्याच्या धातूच्या झिजेइतकेच त्याच्या ड्रायव्हरची काळजी घेणाऱ्या अशा माणसांवर अवलंबून असते.